फेलओव्हर झाला, पण लॉकचं काय? क्लस्टर्ड एनएफएस सर्व्हर पहिल्यांदा उभारणाऱ्यांसाठी

दोन नोडचं, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या दोन मशीनचं, एनएफएस (नेटवर्कवरून फायली वाटण्याची सेवा) क्लस्टर उभं राहिलं. चालू नोडची वीज काढून पाहिली, दुसऱ्या नोडनं आयपी उचलला, क्लायंटवर अडकलेली कमांड थोड्या वेळानं सुटली आणि फायली दिसल्या. फेलओव्हर, म्हणजे पडलेल्या नोडची सेवा दुसऱ्यानं उचलणं, जमलं म्हणून बहुतेक जण चाचणी इथेच संपवतात. पण त्या घडीला एखाद्या प्रोग्रामनं फाइलीवर लॉक धरलेला होता का, आणि असलाच तर तो नव्या नोडला माहीत आहे का, हे या चाचणीतून कळतच नाही. माहीत नसेल तर दुसरा क्लायंट येतो, तोच लॉक मागतो, नवा नोड तो देऊन टाकतो आणि दोघंही आपण एकटेच लिहितोय अशा समजुतीत लिहीत राहतात. एरर कुठेच येत नाही. फाइल बिघडल्याचं उघडकीला येतं ते फार नंतर, आणि तेव्हा फेलओव्हरवर कोणाचा संशयही जात नाही.

पुढचं सगळं लिनक्सवरच्या, पेसमेकर या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं सांभाळलेल्या अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह क्लस्टरला धरून लिहिलं आहे. म्हणजे एक नोड सेवा देतो, दुसरा तयारीत असतो आणि डेटा दोघांना पोहोचेल अशा सामायिक स्टोरेजवर किंवा डीआरबीडीवर (दोन्ही नोडच्या डिस्क नेटवर्कवरून सारख्या ठेवणारी सोय) असतो. अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्हचा मामला वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी थोडं.

आधी एवढं पक्कं करा: लॉक परत कोण मिळवतं

लॉक सर्व्हरच्या मेमरीत असतात. नोड गेला की तेही गेले. सामायिक स्टोरेजमधून डेटा दुसऱ्या नोडकडे जातो, लॉक जात नाहीत. त्यामुळे नवा नोड कुठूनतरी लॉक वाचून घेतो, ही नवख्यांची पहिली समजूत काढून टाका. आपल्याकडे कोणते लॉक होते हे नेमकं ठाऊक असतं ते क्लायंटच्या कर्नलला, आणि तोच ते नव्या नोडकडे पुन्हा मागतो.

सर्व्हरच्या वाट्याला तीन कामं उरतात. कोणत्या क्लायंटकडे लॉक होते त्याची यादी डिस्कवर ठेवायची. सर्व्हर बदलल्याचं त्या क्लायंटना कळेल असं पाहायचं. आणि जुने लॉक परत मागून होईपर्यंत नवे लॉक कोणालाही द्यायचे नाहीत; या मुदतीला ग्रेस पिरियड म्हणतात. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या कामासाठीच आहेत. काहीही बिघडलं तरी प्रश्न हेच तीन: यादी पोहोचली का, क्लायंटला कळलं का, मुदत पुरली का?

यातल्या यादीची गरज चटकन पटत नाही. क्लायंट स्वतःच सांगतोय ना, मग सर्व्हरनं लिहून कशाला ठेवायचं? समजा, क्लायंट अ कडे लॉक आहे आणि त्याचं नेटवर्क तुटलं. लॉक धरून ठेवण्याची त्याची मुदत संपली, सर्व्हरनं लॉक काढून घेतला आणि क्लायंट ब ला दिला. ब नं फाइलीत लिहिलं आणि लॉक सोडला. आता सर्व्हर कोसळला, नवा नोड आला, ग्रेस सुरू झाला, आणि नेमकं त्याच वेळी अ चं नेटवर्क परत आलं. तो म्हणतो, माझा लॉक मला परत द्या. यादी नसेल तर नवा नोड त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि मधल्या काळात फाइल बदललीच नाही असं धरून अ पुढे लिहू लागतो. अ ची नोंद मुदत संपली तेव्हाच यादीतून गेलेली असेल, तर त्याला नकार मिळतो. आरएफसी ७५३० या एनएफएस ४ च्या मानक दस्तऐवजात अशा प्रसंगांची सविस्तर चर्चा आहे. सर्व्हरनं ही माहिती वीज गेली तरी टिकेल अशा जागी ठेवावी, हा आग्रह त्यातूनच आला.

पायरी १: आवृत्ती ठरवा, आणि नको असलेली बंद करा

एनएफएस ३ चं वर्णन १९९५ च्या आरएफसी १८१३ मध्ये आहे. हा प्रोटोकॉल मुळात क्लायंटची कुठलीच स्थिती लक्षात ठेवत नाही. लॉक त्याच्या बाहेर, एनएलएम नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलनं चालतात, आणि कोण रीबूट झालं हे कळवायला एनएसएम हा तिसरा प्रोटोकॉल असतो. लिनक्समध्ये पहिलं काम कर्नलमधला लॉकडी करतो, दुसरं स्टॅटडी हा डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम. सर्व्हर पुन्हा उभा राहिल्यावर एसएम-नोटिफाय हा छोटा प्रोग्राम यादीतल्या प्रत्येक क्लायंटला निरोप पाठवतो आणि तो निरोप मिळाल्यावर क्लायंट लॉक परत मागतो. निरोप पोहोचला नाही तर क्लायंटला काहीच कळत नाही. लॉक आपल्याकडेच आहे या भ्रमात तो लिहीत राहतो.

एनएफएस ४ मध्ये लॉक प्रोटोकॉलच्या आतच आहेत आणि ते लीजवर चालतात. क्लायंटला ठराविक काळात लीजचं नूतनीकरण करत राहावं लागतं. नवा नोड आल्यावर क्लायंट जुनी ओळख किंवा जुनं सेशन दाखवतो, सर्व्हर ते ओळखत नाही म्हणून एरर देतो, आणि त्या एररवरून क्लायंटला उमगतं की पलीकडे कोणीतरी नव्यानं सुरू झालंय. मग तो नवी ओळख करून देतो, उघड्या फायली आणि लॉक परत मागतो. ४.१ मध्ये भर अशी की सगळं मागून झाल्यावर क्लायंट 'माझं झालं' असा स्पष्ट निरोप देतो. त्याचं नाव रिक्लेम-कम्प्लीट. यादीतल्या सर्वांचं झालं की सर्व्हर ग्रेस लवकर आटोपता घेऊ शकतो.

निवड तुमच्या हातात असेल तर ४.१ किंवा पुढची आवृत्ती घ्या, आणि एनएफएस ३ लागणार नसेल तर सर्व्हरवर ते बंद करा. 'असू दे, कोणाला लागलं तर' म्हणून चालू ठेवलेलं ३ म्हणजे एकाऐवजी दोन यंत्रणा सांभाळायच्या, आणि दुसरी जास्त नाजूक.

पायरी २: यादी सामायिक डिस्कवर न्या

लिनक्सचा एनएफएस सर्व्हर आपली सगळी नोंदवही /व्हार/लिब/एनएफएस या डिरेक्टरीत ठेवतो. एनएफएस ३ साठी तिथे स्टॅटडीच्या एसएम आणि एसएम.बॅक अशा दोन डिरेक्टऱ्या असतात. प्रत्येक क्लायंटच्या नावाची एक छोटी फाइल, असा सगळा साधा कारभार. शेजारीच स्टेट नावाच्या फाइलीत एक आकडा असतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो वाढतो आणि त्यावरून क्लायंटला रीबूट ओळखता येतो. एनएफएस ४ ची यादी नव्या वितरणांत एनएफएसडीसीएलडी हा डेमन एसक्यूलाइटच्या एका फाइलीत ठेवतो. जुन्या व्यवस्थेत ती व्ही४रिकव्हरी या डिरेक्टरीत असायची.

ही डिरेक्टरी नोडच्या स्वतःच्या डिस्कवर राहिली तर फेलओव्हरनंतर नवा नोड आपलीच रिकामी किंवा कधीकाळची यादी वाचणार. पेसमेकरच्या एनएफएससर्व्हर या रिसोर्स एजंटला (सेवा सुरू-बंद करणारी स्क्रिप्ट) एनएफएस_शेअर्ड_इन्फोडिर नावाचं पॅरामीटर आहे. त्यात सामायिक फाइल सिस्टिमवरची एक डिरेक्टरी द्या. ती योग्य जागी माउंट करायचं काम एजंट करतो. ती डिरेक्टरी एक्सपोर्टच्या, म्हणजे क्लायंटना वाटलेल्या डिरेक्टरीच्या, आत पडत असेल तर क्लायंटना तिच्यात लिहिता येणार नाही याची काळजी घ्या.

इथला नेहमीचा घोळ सिस्टमडीचा, म्हणजे बूटवेळी सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, असतो. एनएफएस सर्व्हरची सर्व्हिस बूटवेळी आपोआप सुरू होण्यासाठी चालू ठेवलेली असते, नोड उठल्याबरोबर ती स्थानिक डिरेक्टरीवर सुरू होते, आणि पेसमेकर येईपर्यंत भलतीच यादी वापरात आलेली असते. दोन्ही नोडवर ती आपोआप सुरू होणं बंद करा. सुरू करायचा अधिकार फक्त पेसमेकरचा.

याच पायरीत एक्सपोर्टचा एफएसआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, पाहून घ्या. दोन्ही नोडवर तो सारखा हवा आणि हातानं दिलेला हवा. तो फाइल हँडलचा, म्हणजे क्लायंट ज्या खुणेनं सर्व्हरकडे फाइल मागतो तिचा, भाग असतो. नोडागणिक बदलला तर क्लायंटच्या हातातले हँडल नव्या नोडला ओळखू येत नाहीत, आणि ज्याची फाइलच हरवली तो लॉक कशावर मागणार?

पायरी ३: रिसोर्सचा क्रम

सुरू होण्याचा क्रम असा ठेवा: आधी स्टोरेज म्हणजे एलव्हीएम किंवा डीआरबीडी, मग फाइल सिस्टिम, मग एनएफएससर्व्हर, मग एक्सपोर्टएफएस, त्यानंतर आयपी, आणि एनएफएस ३ वापरत असाल तर सर्वांत शेवटी एनएफएसनोटिफाय. हे सगळं एका ग्रुपमध्ये टाकलं की थांबण्याचा क्रम आपसूक उलटा होतो.

आयपी इतका उशिरा का? आयपी आधी आला आणि एक्सपोर्ट अजून झालेलं नसेल, तर क्लायंट हँडल घेऊन येतो आणि सर्व्हर त्याला 'हे हँडल शिळं आहे' असं सांगतो. तो एरर थेट अ‍ॅप्लिकेशनपर्यंत जातो. आयपीच नसेल तर क्लायंट निमूटपणे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि फेलओव्हरच्या वेळी आपल्याला तेच हवं असतं. थांबवतानाही त्याचसाठी आयपी सगळ्यात आधी खाली यायला हवा.

एक गोष्ट मात्र या क्रमात लपून राहते. ग्रेसचं घड्याळ आयपी आल्यावर सुरू होत नाही, सर्व्हर सुरू झाल्याबरोबर सुरू होतं. मध्ये पन्नास एक्सपोर्ट असतील आणि प्रत्येकाला थोडा थोडा वेळ लागत असेल, तर क्लायंटला सर्व्हर दिसायच्या आधीच मुदतीचा मोठा भाग उडालेला असतो. क्लस्टरचा लॉग उघडा, एनएफएससर्व्हर सुरू झाल्याची आणि आयपी आल्याची वेळ काढा आणि दोन्हीतला फरक ग्रेसमधून वजा करून पाहा.

फेन्सिंगबद्दल, म्हणजे संशयित नोड सक्तीनं बंद करण्याबद्दल, वाद घालत बसू नका. जुना नोड खरंच मेला की फक्त बोलत नाहीये, हे नव्या नोडला स्वतःहून कळू शकत नाही. अर्धवट जिवंत नोड जुने लॉक मेमरीत धरून काही क्लायंटना उत्तरं देत राहिला तर यादी, निरोप, ग्रेस सगळं फोल ठरतं. डिस्क दोन्हीकडून माउंट झाली तर लॉकची चिंता करायची वेळच येणार नाही, फाइल सिस्टिमच जाईल. फेन्सिंग बंद ठेवून घेतलेली लॉकची कुठलीही चाचणी धरू नका.

पायरी ४: निरोप पोहोचवा (फक्त एनएफएस ३)

एनएफएस ३ बंद केलं असेल तर ही पायरी सोडून पुढे जा. ज्यांना ती करावी लागणार, त्यांनी जरा सावकाश वाचा, कारण 'लॉक हरवला' प्रकारच्या बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

एसएम-नोटिफाय एका बूटमध्ये एकदाच चालायचं, अशा बेतानं लिहिलेला आहे. आपण चाललो याची खूण तो एका पीआयडी फाइलीत ठेवतो. आता तयारीत बसलेला नोड बघा: तो महिनाभरापूर्वी बूट झाला आणि हा प्रोग्राम तेव्हाच चालून गेला. आज फेलओव्हर झाल्यावर साधेपणानं चालवलात तर तो काही न करता परत येईल. म्हणून सक्तीनं चालवायचा पर्याय लागतो, आणि एनएफएसनोटिफाय हा एजंट हेच काम करतो. त्याच्या सोर्स_होस्ट या पॅरामीटरमध्ये क्लस्टरचा तरंगता (फेलओव्हरमध्ये एका नोडवरून दुसऱ्यावर जाणारा) आयपी किंवा त्याचं नाव द्या, नोडचं स्वतःचं नाव नाही. क्लायंटनं माउंट केलंय ते तरंगत्या पत्त्यावरून. भलत्याच पत्त्यावरून निरोप आला तर 'हा कोण?' म्हणून तो दुर्लक्ष करेल. एनएफएससर्व्हर एजंटला मात्र स्वतःहून निरोप पाठवू नकोस असं एनएफएस_नो_नोटिफाय या पॅरामीटरनं सांगून ठेवा, नाहीतर आयपी यायच्या आधीच निरोप सुटतील.

दुसरी अडचण नावांची. लॉक मागताना क्लायंट आपलं होस्टनेम सांगतो आणि यादीत तेच नाव जाऊ शकतं. ते आखूड असेल, डीएनएसमध्ये नसेल किंवा, असंही घडतं, 'लोकलहोस्ट' असेल, तर सर्व्हर निरोप पाठवणार कुठे? क्लायंटचं नाव सर्व्हरच्या दोन्ही नोडवरून सोडवता आलं पाहिजे. तयारीतल्या नोडवर हे तपासायचं हमखास राहून जातं.

तिसरी फायरवॉलची. एनएफएस ४ ला २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. एनएफएस ३ ला त्याशिवाय आरपीसीबाइंडचा १११ लागतो, आणि लॉकडी व स्टॅटडी सांगितलं नाही तर मिळेल तो पोर्ट घेतात. दोघांचे पोर्ट एनएफएस.कॉन्फमध्ये नक्की करा, दोन्ही नोडवर एकसारखे. निरोप सर्व्हरकडून क्लायंटकडे येतो हेही लक्षात असू द्या. क्लायंटच्या फायरवॉलनं बाहेरून येणारं सगळं अडवलं असेल तर लॉक घेताना सगळं सुरळीत वाटेल आणि फेलओव्हरलाच दगा होईल.

निरोप कोणाला मिळाला नाही हे शोधायला एक सोपी खूण आहे. एसएम-नोटिफाय सुरुवातीला एसएममधली नावं एसएम.बॅकमध्ये हलवतो आणि ज्याला निरोप पोहोचला त्याचं नाव तिथून काढतो. प्रतिसाद न देणाऱ्यांसाठी तो मुळात १५ मिनिटं प्रयत्न करतो. फेलओव्हरनंतर पाच मिनिटांनी एसएम.बॅकमध्ये जी नावं उरली असतील, त्यांच्याकडे आधी बघा. पंधराव्या मिनिटाला पोहोचलेला निरोप तसाही कामाचा नसतो, ग्रेस केव्हाच संपलेला असतो.

पायरी ५: ग्रेस किती ठेवायचा

लिनक्सवर एनएफएस ४ ची लीज मुळात ९० सेकंदांची आणि ग्रेसही ९० सेकंदांचा. लॉकडीचा आपला ग्रेस काही सांगितलं नसेल तर ५० सेकंद. या काळात नवा लॉक मागणाऱ्याला थांबावं लागतं, आणि एनएफएस ४ मध्ये तर नवी फाइल उघडणंही अडतं. त्यामुळे फेलओव्हर वीस सेकंदांत झाला तरी वापरणाऱ्यांना दीड-दोन मिनिटं सगळं गोठल्यासारखं वाटतं, आणि कोणीतरी 'तो ग्रेस दहा सेकंदांवर आणा' असं सुचवतंच.

फक्त ग्रेस कमी करू नका. लिनक्सचा क्लायंट लीजचा साधारण दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर नूतनीकरण करतो, म्हणजे ९० च्या लीजला ६० सेकंदांनी. लॉक धरून शांत बसलेल्या, काहीच वाचत-लिहीत नसलेल्या क्लायंटला सर्व्हर बदलल्याचं कळायला तेवढा वेळ लागू शकतो. ग्रेस ३० असेल तर तो येईपर्यंत मुदत संपलेली, आणि मध्ये लॉक दुसऱ्याला गेलेलाही असेल. ग्रेस लीजपेक्षा कमी नको, एवढं साधं पथ्य. वेळ कमी करायचीच असेल तर आधी लीज कमी करा, सर्व क्लायंट नव्या लीजवर येऊ द्या, आणि मग ग्रेस खाली आणा. दोन्ही आकडे एनएफएस.कॉन्फच्या एनएफएसडी विभागात लीज-टाइम आणि ग्रेस-टाइम या नावांनी असतात. तिथला ग्रेस-टाइम लॉकडीलाही लागू होतो. दोन्ही नोडवर आकडे सारखेच ठेवा.

माझं मत विचाराल तर आकड्यांशी खेळण्याआधी ४.१ वर या. सगळ्या क्लायंटचं 'माझं झालं' आलं की ग्रेस आपणहून लवकर संपतो. बहुतेक वेळा खरा खोळंबा त्या एका क्लायंटमुळे होतो जो यादीत आहे पण बंद पडलाय आणि परत येणारच नाही. तेव्हा पूर्ण मुदत थांबावंच लागतं, आणि ते बरोबरच आहे. तो मेलाय की नेटवर्कमागे अडकलाय, हे सर्व्हरला कुठे माहीत असतं? /प्रॉक/एफएस/एनएफएसडी मध्ये व्ही४_एंड_ग्रेस नावाची फाइल आहे, तिच्यात वाय लिहिलं की ग्रेस हातानं संपवता येतो. तो क्लायंट खरोखर बंद आहे याची स्वतः खात्री केली असेल तरच तिला हात लावा.

खोळंबा ग्रेसमुळे नसून टीसीपीमुळेही असू शकतो. जुना नोड वीज जाऊन मेला तर त्यानं कनेक्शन बंद केल्याचं सांगितलेलं नसतं. क्लायंट जुन्याच कनेक्शनवर पुन्हा पाठवत बसतो, दर खेपेला आधीपेक्षा जास्त थांबून. पेसमेकरच्या पोर्टब्लॉक एजंटमध्ये यासाठी टिकल नावाची सोय आहे: नवा नोड जुन्या कनेक्शनांवर एक पॅकेट सोडून क्लायंटला जागं करतो आणि तो लगेच नव्यानं जोडला जातो.

पायरी ६: क्लायंटकडची बाजू

माउंट हार्ड असू द्या. सॉफ्ट माउंट ठराविक प्रयत्नांनंतर अ‍ॅप्लिकेशनला एरर देतं, आणि फेलओव्हरची वाट बघायची सोडून प्रोग्राम मध्येच कोलमडतो. एनएफएस ३ च्या माउंटवर नोलॉक पर्याय कोणी देऊन ठेवला नाही ना, तेही पाहा. तो असेल तर लॉक त्या क्लायंटपुरतेच राहतात, सर्व्हरपर्यंत जातच नाहीत.

व्हर्च्युअल मशीन क्लोन करून बनवलेले क्लायंट असतील तर त्यांची होस्टनेम वेगळी आहेत ना, ते तपासा. एनएफएस ४ चा क्लायंट आपली ओळख मुख्यतः होस्टनेमवरून बनवतो. दोघांची ओळख एकच निघाली तर सर्व्हरला वाटतं तोच क्लायंट रीबूट होऊन आला, आणि तो पहिल्याचे लॉक टाकून देतो. असं झालं की फेलओव्हर नसतानाही लॉक गळत राहतात. नावं बदलणं शक्य नसेल तर एनएफएस मॉड्यूलच्या एनएफएस४_युनिक_आयडी या पॅरामीटरनं प्रत्येकाला वेगळी ओळख द्या.

लॉक खरंच हरवला तर लिनक्सचा एनएफएस ४ क्लायंट त्या फाइलीवरच्या पुढच्या वाचण्या-लिहिण्याला इनपुट-आउटपुट एरर देतो. कठोर वाटतं, पण योग्य आहे. रिकव्हर_लॉस्ट_लॉक्स हे पॅरामीटर चालू केलं की तो गेलेला लॉक गुपचूप पुन्हा घ्यायचा प्रयत्न करतो. मध्ये दुसऱ्यानं फाइल बदलली असेल तर ते कोणालाच कळणार नाही. मुळात ते बंद असतं, तसंच राहू द्या.

पायरी ७: चाचणी

दोन क्लायंट घ्या. पहिल्यावर फ्लॉक कमांडनं सामायिक फाइलीवर लॉक घेऊन त्याखाली ९०० सेकंदांचा स्लीप चालवा. दुसऱ्यावर त्याच फाइलीवर फ्लॉक न थांबण्याच्या पर्यायासह चालवा. तो लगेच अपयशी होऊन परत यायला हवा. इथे यश आलं तर पुढे जाऊच नका, लॉक सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीयेत.

आता चालू नोडची वीज काढा. रीबूट कमांड देऊ नका, रिसोर्स हलवू नका, वीजच काढा. नवा नोड आला की दुसऱ्या क्लायंटवर तीच कमांड पुन्हा चालवा. ग्रेस चालू असेपर्यंत ती लटकून राहील. न थांबण्याचा पर्याय देऊनही ती थांबलेली पाहून गोंधळू नका: सर्व्हर 'आत्ता नाही' म्हणतोय आणि कर्नल परस्पर पुन्हा विचारतोय. ग्रेस संपला की ती अपयशी होऊन परत यायला हवी. लॉक पहिल्याकडेच आहे, म्हणजे चाचणी पास. तिला लॉक मिळाला तर पहिल्याचा लॉक हरवला.

दरम्यान नव्या नोडचा कर्नल लॉग उघडा ठेवा. एनएफएस ४ वर तिथे ९० सेकंदांचा ग्रेस सुरू झाल्याची ओळ दिसायला हवी. तिच्याऐवजी 'परत मागणारे क्लायंटच नाहीत, म्हणून ग्रेस वगळला' अशा अर्थाची ओळ दिसली, आणि तुम्हाला माहीत आहे की क्लायंट जोडलेले होते, तर यादी पोहोचलेली नाही. सरळ पायरी २ वर परत जा. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी ओळ हीच, कारण बाकी सगळं ठीक दिसत असताना तीच खोटं उघडं पाडते. लॉक परत मागून झाल्यावर सर्व्हरवर /प्रॉक/लॉक्स मध्ये तो दिसतो, आणि /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स मध्ये क्लायंटगणिक कोणाकडे काय आहे तेही वाचता येतं.

एकदा पास झाली की तीच चाचणी तीन प्रकारे फिरवा. पहिला क्लायंट शांत बसलेला असताना आणि तो सतत लिहीत असताना. नियोजित बदलाच्या वेळी, म्हणजे रिसोर्स हातानं हलवून. आणि पहिला ग्रेस संपायच्या आत लगेच परत दुसरा फेलओव्हर करून. हा शेवटचा प्रकार कोणी करत नाही. खरं तर डळमळीत नेटवर्कवर तोच घडतो: नोड येतो, जातो, पुन्हा येतो. अर्ध्याच क्लायंटनी लॉक परत मागितलेले असताना सर्व्हर पुन्हा कोसळला तर उरलेल्यांचा हक्क जायला नको, म्हणून एनएफएसडीसीएलडी चालू आणि मागच्या अशा दोन काळांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. ही सोय तुमच्याकडे खरंच चालते का, ते बघून घ्या.

एकाच नोडवर दोन वेगळे आयपी आणि दोन एक्सपोर्ट गट असतील आणि त्यातला एकच हलवायचा असेल, तर प्रकरण अवघड होतं. जुन्या नोडवर लॉक धरलेले असल्यामुळे फाइल सिस्टिम अनमाउंट होत नाही. एनएफएस ३ च्या लॉकसाठी /प्रॉक/एफएस/एनएफएसडी मध्ये अनलॉक_आयपी आणि अनलॉक_फाइलसिस्टम अशा फायली आहेत. पहिलीत आयपी लिहिला की त्या पत्त्यावरून घेतलेले लॉक सुटतात, दुसरीत माउंटचा पाथ लिहिला की त्या फाइल सिस्टिमवरचे. पण पलीकडचा नोड आधीच दुसरा गट चालवत असतो, आणि तिथला ग्रेस एका एक्सपोर्टपुरता लावता येत नाही, तो सगळ्या सर्व्हरला लागू होतो. सुरुवात करत असाल तर या वाटेला जाऊ नका, क्लस्टरमागे एकच एनएफएस सर्व्हर ठेवा.

अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह असेल तर

इथे एकच फाइल सिस्टिम अनेक नोड एकाच वेळी क्लायंटना देतात, आणि त्यामुळे ग्रेस फक्त पडलेल्या नोडच्या वारसदारानं पाळून भागत नाही. पडलेल्या नोडच्या क्लायंटचा लॉक तिसराच नोड आपल्या क्लायंटला देऊन बसेल. ग्रेस सगळ्या क्लस्टरनं एकाच वेळी पाळायला हवा. सेफ या अनेक मशीनवर पसरलेल्या स्टोरेजवर चालणाऱ्या एनएफएस-गनेशा या सर्व्हरमध्ये यासाठी रॅडोसमध्ये, म्हणजे सेफच्याच साठ्यात, एक सामायिक नोंद असते. प्रत्येक नोडला ग्रेसची गरज आहे का आणि तो ग्रेस पाळतोय का, अशा दोन खुणा तिच्यात असतात. सगळे पाळू लागल्याशिवाय कोणालाच लॉक परत दिला जात नाही. गनेशा-रॅडोस-ग्रेस या कमांडनं ती नोंद वाचता येते. ग्रेस संपतच नसेल तर कोणत्या नोडची खूण अडकली आहे ते तिथेच दिसतं.

जीएफएस२ या, अनेक नोड एकदम माउंट करू शकतील अशा फाइल सिस्टिमवरून कर्नलचा एनएफएस सर्व्हर चालवायचा विचार असेल, तर माउंट करताना लोकलफ्लॉक्स हा पर्याय द्यावा लागतो. तो दिला की फाइलीवरचे लॉक त्या नोडपुरतेच राहतात, म्हणजे तीच फाइल सिस्टिम दोन नोडवरून एकदम एक्सपोर्ट करता येत नाही. फाइल सिस्टिम क्लस्टरची असूनही एनएफएस अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हच ठेवावं लागतं, आणि त्याच्यासाठी वरच्या सातही पायऱ्या लागू पडतात.